कुठंबाई

आमच्या बाईंना 'गैरहजर' हा शब्द चालायचा नाही. हजेरी घेताना एखाद्या नावाला 'हजर बाई' असं उत्तर आलं नाही की त्यांचं पेन थांबायचं. चष्म्यावरून वर्गाकडे बघत त्या विचारायच्या, "कुठं हाय?" मग शेजारी बसणाऱ्यानं उभं राहून सांगायचं. "बाई, त्याला आज्यानं धारूरच्या बाजारला नेलाय." "बाई, तिची आई बाळंतीण हाय, ती भाकरी करती." ठाऊक नसेल तर मधल्या सुट्टीत पळत जाऊन बघून यायचं. हजेरीपटात हजर आणि गैरहजर अशा दोनच खुणा. बाईंनी तिसरी जागा फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात केली होती. तिथं वर 'कुठं' असं लिहिलेलं असायचं आणि खाली पोरांची नावं नि ठिकाणं. फळा रोज पुसला जायचा, तो कोपरा सोडून. वस्तीवरच्या बायकांनी त्यांचं नावच कुठंबाई ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा म्हणाल्या, "खोटं न्हाई ना. मग ऱ्हाऊ द्या."

बाई मूळच्या नेकनूरच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. धारूरला एक खोली घेऊन एकट्याच राहायच्या. एसटी त्यांना फाट्यावर सोडायची आणि तिथून आमच्या वस्तीपर्यंत पाऊण तासाचा चढ. अंगावर सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी. आम्ही मेंढपाळ, त्यामुळे दर घरामागे दोन-तीन कुत्री आणि सगळी एकापेक्षा एक तापट. पहिल्या आठवड्यात त्यांनी बाईंच्या साडीचा काठ फाडला. दुसऱ्या आठवड्यापासून बाईंच्या पिशवीत शिळ्या भाकरीचे तुकडे यायला लागले. दोन महिन्यांत ती कुत्री फाट्यावर एसटीची वाट बघत बसायला लागली. आमच्या कुत्र्यांनी या जगात दोनच माणसांना आपलं मानलं, एक माझे आबा आणि दुसऱ्या बाई. यावरून पुढं काय झालं ते येईलच.

दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि डोंगर उतरून गेवराईच्या बाजूला, गोदाकाठच्या काळ्या रानात जायचं. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतात. चार दिवस या शेतात, चार दिवस पुढच्या. परत यायचं ते मिरगाच्या तोंडावर. म्हणजे शाळेच्या वाट्याला आम्ही आलोच तर वर्षातले पाच महिने. बाई माझं नाव घालायला आल्या तेव्हा मी कोकरं झाकायच्या डालग्याखाली लपले होते. आबांनी सरळ सांगून टाकलं, "बाई, पोरगी वाड्याची हाय, शाळेची न्हाई." वाडा म्हणजे आमच्याकडं कळप, बिऱ्हाड, घोडी, कुत्री असं सगळं मिळून जे चालतं ते. भिंतींचा वाडा आम्ही फक्त लांबून बघितलेला.

बाई म्हणाल्या, "पाच महिने माझी, सात महिने तुमची. नाव मात्र बाराही महिने माझ्याकडं."

"नावाला काय वझं असतंय? घ्या," आबा म्हणाले. इतक्या स्वस्तात बाई टळल्या असं त्यांना वाटलं असणार. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, पण तेव्हा चुकला.

शाळेत मला मोजता येत होतं, पण आमच्या पद्धतीनं. मेंढपाळ विसांत मोजतो. वीस झाले की एक खडा खिशात टाकायचा आणि पुन्हा एकपासून सुरू. बाईंनी मला पहिल्यांदा चिंचोके मोजायला लावले तेव्हा मी उत्तर दिलं, "तीन विसा नि सात." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि सगळ्या वर्गाला विसांत मोजायला शिकवायला लावलं. आठवडाभर मी मास्तरीण होते. मग त्यांनी सांगितलं, "आता हिनं तुम्हाला तिचं दिलं. तुमी हिला सदुसष्ट लिहायला शिकवा." मी त्या दिवशी शाळेला चिकटले ते कायमची. लोक विचारतात शिक्षणाची गोडी कशी लागली, तर अशी लागली, चिंचोक्यांवरून.

दिवाळीच्या आधी बाई वाड्यांवर जाणाऱ्या पोरांना प्रत्येकी एक गठुळं बांधून द्यायच्या. पाटी, पेन्सिली आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर त्यांच्या हातानं लिहिलेली गणितं. प्रत्येकाला वेगळी. शेळ्यावाल्याला शेळ्यांची, उसाच्या फडावर जाणाऱ्याला मोळ्यांची. महिन्यातून एखाद्या रविवारी त्या स्वतः तपासायला यायच्या. गेवराईला उतरायचं, चहाच्या टपरीवर, वाळूच्या ट्रॅक्टरवाल्याला, दिसेल त्याला विचारायचं, "धारूरचा वाडा कुठं बसलाय हो?" आणि विचारत विचारत शेतात येऊन उभं राहायचं. भुवयांवर रस्त्याची धूळ बसलेली असायची. पाटी बघायची, चुकलेलं परत करून घ्यायचं, आमच्यातलीच भाकरी नि लसणाची चटणी खायची आणि शेवटच्या गाडीला निघायचं. आई म्हणायची, "बाई, एक तरी रविवार घरी बसा की." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "पोरं हितं अन् मी घरी बसून काय करू?"

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी माझ्या गठुळ्यातलं पहिलं गणित असं होतं: तुमच्या वाड्यात मोठी मेंढरं किती, कोकरं किती, मिळून किती? माझ्या रोजच्या जगण्यातलं गणित घालायचं म्हणून बाईंनी ते मुद्दाम घातलं होतं. पण आमच्यात कळपाचा आकडा तोंडानं काढत नाहीत. काढला की नजर लागते, कळप घटतो. कुणी विचारलंच तर 'हायती धा-पाच' म्हणायचं, मग ती दोनशे का असेनात. शेतकऱ्याच्या घरच्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पण बाईंनी दिलेलं गणित सोडायचं कसं? संध्याकाळी मेंढरं वाघुरीत, म्हणजे आमच्या जाळीच्या कुंपणात, शिरत होती तेव्हा मी बोट रोखून, एक दोन तीन म्हणत, सगळी मोजली आणि पाटीवर आकडा लिहिला. बरोबर लिहिला याचा मला फार आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी सात मेंढरं मेली. तोंडाला फेस, पाय ताठ, दुपारपर्यंत खेळ संपला. आज मी पशुधन पर्यवेक्षक आहे आणि मला ठाऊक आहे की ती कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन मेली. त्याला किराळ लागणं म्हणतात. हे आबांनाही ठाऊक होतं. पण मेंढरं त्या फुटव्यांत नेमकी आजच कशी शिरली, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर घोंगड्याला टेकवून ठेवलेल्या पाटीवर होतं.

"हे काय लिवलंस?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. आबांनी मला मारलं नाही. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली, गठुळं बांधलं आणि घोड्याच्या सामानात तळाशी घातलं. "शाळा बास झाली," म्हणाले. मी रडले, जेवले नाही, आईनं रदबदली केली. काही उपयोग झाला नाही. माझे आबा शब्दाचे पक्के, आणि हा गुण घरात असला की फार त्रास होतो.

तीन आठवड्यांनी बाई आल्या. लांबून त्यांना बघताच आबांनी कुत्र्यांना छू म्हटलं. कुत्री जिवाच्या आकांतानं धावली आणि बाईंच्या पिशवीत तोंडं घालून शेपट्या हलवायला लागली. एरवी या गोष्टीवर वाडा आठवडाभर हसला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाई ऐकता ऐकता खाली बसल्या. त्या आता आबांना अडाणी म्हणतील, अंधश्रद्धेवर भाषण देतील, असं मला वाटलं होतं. शाळेत आलेले एक-दोन साहेब तसंच करायचे. बाई म्हणाल्या, "चूक माझी हाय, दादा. मला ठाऊक नव्हतं, अन् मी कुणाला विचारलं बी न्हाई."

शिक्षकानं चूक कबूल केल्याचं आबांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "तुमच्या चुकीनं माझी सात मेंढरं उठून येतील व्हय?"

"न्हाई येणार," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

मला वाटलं संपलं. पुढच्या रविवारी बाई पुन्हा हजर. आबा बोलेनात, तर त्या आईजवळ बसून लसूण सोलत राहिल्या आणि शेवटच्या गाडीला निघून गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आम्ही शेत बदललं, तर त्या शेत शोधून आल्या. माझ्याशी शाळेचं अक्षर काढलं नाही, गठुळ्याचं नाव घेतलं नाही. फक्त येताना एकदा विचारायच्या, "हिरा, कुठं हायस?" आणि मी मेंढरांमागून हात वर करायचे. धारूरहून गेवराई म्हणजे गाडी बदलत चार तासांचा प्रवास, आणि हा सगळा खटाटोप लसूण सोलायला. आबा आईजवळ कुरकुरले, "ही बाई हाय का गोचीड?" आई म्हणाली, "गोचीड निदान रगात पिती. ही तर आपली भाकर बी आता घरूनच आणती."

पाचव्या रविवारी बाई गाडीच्या वेळेला उठल्या नाहीत. मेंढरं परत यायची वेळ झाली तरी बांधावर बसून राहिल्या. आबा रोजच्यासारखे वाघुरीच्या तोंडाशी काठी टेकून उभे राहिले. मेंढरं एकामागून एक आत गेली. आबांचे ओठ मिटलेले, नजर खाली. शेवटचं मेंढरू आत गेलं तसे ते वळले, आलेल्या वाटेनं चालत गेले आणि थोड्या वेळानं ओढ्यात अडकलेलं एक कोकरू काखेत घालून परत आले.

बाईंनी विचारलं, "दादा, एक कमी हाय हे कसं कळलं?"

आबांनी खाली बसून कोकरू मांडीवर घेतलं.

"तुमी मनात मोजता," बाई म्हणाल्या. "मी तोंडानं मोजते, कारण माझी लई लांब जातात. रोज सकाळी मी नावं घेते अन् रोज माझं एक कमी भरतंय. तुमच्यासारखीच मागं फिरून आलेय. दुसरं काय केलं?"

आबा कोकराच्या पायातले काटे काढत बसले. मग वर न बघता म्हणाले, "आमच्या मेंढरांचं नाव काढायचं न्हाई."

"न्हाई काढणार. हिच्या पाटीवर मेंढराचा आकडा कधीच येणार न्हाई. माझा शब्द."

आबा उठले, घोड्याच्या सामानातून गठुळं काढलं आणि माझ्यापुढं टाकलं. बाईंची गाडी गेली होती. त्या आमच्यातच राहिल्या आणि पहाटेच्या गाडीनं थेट शाळेवर गेल्या. दहाची घंटा चुकली नाही.

तो शब्द बाईंनी इतका पाळला की हसू यायचं. पुस्तकात मेंढ्यांचं गणित आलं की त्या तो शब्द काढून तिथं सीताफळं घालायच्या. आमच्या शाळेत मेंढपाळ सकाळी पन्नास सीताफळं चरायला न्यायचा, त्यातली दोन वाटेत हरवायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, सीताफळं चरतात का?" बाई म्हणाल्या, "आमच्या डोंगरातली चरतात, सर." पोरं ओठ दाबून बसली होती.

मी वाड्यावर मोठ्यानं पाढे म्हणायचे तेव्हा आबा शेजारी टकळीवर लोकर कातत असायचे. लक्ष नसल्यासारखं दाखवायचे आणि मधेच विचारायचे, "ह्यो वाकडा कोन?" "सात, आबा." "अन् ह्यो पोट सुटलेला?" असं करत करत त्यांना सगळे आकडे यायला लागले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चौथीनंतर मला धारूरच्या शाळेत घालायला बाई आल्या, तेव्हा आबांनी फक्त एवढंच विचारलं, "तिथं हजेरी कोन घेतंय?" बाई म्हणाल्या, "घेणारे घेतील. मी हायेच." आणि त्या खरंच होत्या. दर शनिवारी माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन मी बाकावर आहे ना एवढं बघून जायच्या. मला तेव्हा मैत्रिणींसमोर त्याची लाज वाटायची. त्या लाजेची लाज आता वाटते.

निवृत्त झाल्या त्या दिवशी बाईंनी फळ्याचा तो कोपरा कागदावर उतरवून घेतला, नव्या सरांच्या हातात दिला आणि नेकनूरला भाच्याकडं राहायला गेल्या. मग हजेरी फोनवर सुरू झाली. महिन्यातून एकदा फोन यायचा आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिला शब्द, "कुठं हायस?" मी गेवराईच्या बाजूला एखाद्या वाड्यावर मेंढरांना लस टोचत असायचे. आमचे लोक अजून मला आकडा सांगत नाहीत. मीही विचारत नाही. लशीच्या रिकाम्या बाटल्यांवरून कागद भरते. पण पोरं किती, कितवीला, सध्या कुठल्या शेतात, हे मात्र विचारते आणि त्यांच्या त्यांच्या शाळेच्या सरांना फोन करून कळवते. ते माझं काम नाही. बाईंनी कुठं कामाची हद्द बघितली होती?

गेल्या वर्षी बाईंचा फोन आला नाही. भाच्याकडून कळलं की अंथरुणाला खिळल्यात. मी आबांना सांगितलं. आबा आता थकलेत. त्यांचा वाडा हल्ली धाकटा भाऊ बघतो, पण मेंढरं आत घेताना काठी टेकून उभे आबाच राहतात. ते म्हणाले, "सकाळी जाऊ. आधी मला एक काम हाय." आणि सकाळी मेंढरं बाहेर पडताना ते वाघुरीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

नेकनूरला बाई खाटेवर होत्या. अंग चिपाड झालेलं, चष्मा तेवढा तोच. मला बघून म्हणाल्या, "कुठं गेलतीस इतके दिस?" आबा खाटेजवळ जमिनीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, तुमचं एक गणित ऱ्हायलंय," ते म्हणाले. "पाटी मी पुसली हुती."

बाईंच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी हात हलवला. "नको दादा. मी शब्द दिला हाय."

"शब्द तुमी दिलाय. मी न्हाई दिला." आबांनी मांडीवरची टोपी बाजूला ठेवली. "सहा विसा नि सात. त्या सालचं न्हवं. आज सकाळचं."

आबांचा नजरेवरचा विश्वास तेव्हाही तसूभर कमी झालेला नव्हता, आजही नाही. जिवंत कळप त्यांनी त्या खोलीत उघड्यावर आणून ठेवला होता. माझ्या आयुष्यात मी याहून मोठं देणं कुणी कुणाला दिलेलं पाहिलेलं नाही.

बाईंनी चष्मा सारखा केला. मग शिक्षिका जागी झाली. "अंकात लिहा," म्हणाल्या.

भाच्याच्या मुलीची पाटी होती. आबांनी ती मांडीवर घेतली आणि पेन्सिल काठीसारखी मुठीत धरून लिहिलं, १२७. वाकडा सात जरा जास्तच वाकडा आला. बाईंनी पाटी डोळ्यांजवळ धरली. "बरोबर की चूक मला कसं कळावं? मी कुठं मोजलीत?"

"मी मोजलीत की," आबा म्हणाले.

"मग बरोबर." त्यांनी आकड्याशेजारी खूण केली. मी तोंडाला पदर लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बाई गेल्या. मातीला आम्ही सगळे गेलो होतो, वस्तीवरची जुनी पोरं कुठून कुठून आली होती. संध्याकाळी वाड्यावर परतलो तेव्हा मेंढरं रानातून येत होती. आबा वाघुरीच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं. आई चूल सोडून उठली. भाऊ हातातली जाळी तशीच धरून उभा राहिला. त्यांना थांबवायची कुणाची हिंमत झाली नाही. आबा वीस झाल्यावर थांबले नाहीत, खडा उचलला नाही. एकवीस, बावीस करत सरळ शंभराच्या पुढं गेले. शेवटचं मेंढरू आत गेलं. एकशे एकोणतीस. मधल्या दिवसांत दोन कोकरं जन्मली होती.

"लिवून घे," ते मला म्हणाले. "लशीला लागतंय न्हवं?"

मी लिहून घेतलं. भाऊ वाघूर लावायला पुढं झाला, तरी आबा तोंडाशीच उभे, बाई ज्या फाट्याकडून यायच्या त्या वाटेकडं बघत.

"सगळी आलीत की," आई म्हणाली. "आता कुणाची वाट बघताय?"

"बघतोय," आबा म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले.